समुद्राचं पोट आणि धैर्यवानकाका

धैर्यवानकाकांच्या घरी सोडा प्यायला मिळत नाही, अंगावर मिळतो. नवा माणूस आला की ते टेबलावर दोन बाटल्या मांडतात. एक फ्रिजमधली, दुसरी खिडकीत उन्हाला तापवलेली. थंड बाटली शहाण्यासारखी उघडते. गरम बाटलीचं बूच निघालं की पाहुण्याचा शर्ट भिजतो आणि काका आनंदाने ओरडतात, "बघितलंस? गार पाणी वायू पोटात धरून ठेवतं, गरम पाण्याला ते जमत नाही. अख्खा समुद्र यात आला!" माझ्या मेहुण्याने हे ज्ञान नव्या कोटासकट घेतलं. तो पुन्हा गिरगावात फिरकलेला नाही.

काका जुन्या पाठारे प्रभूंपैकी. पूर्वजांची म्हणे इथे घरं होती. आता आमच्या वाडीतल्या दोन खोल्या उरल्यात. जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला, पण डोंगर-नद्यांवर त्यांचं काडीचं प्रेम नाही. जीव सगळा समुद्रात, आणि तेही खालच्या. चौपाटीवर नेलं तर लाटांकडे पाठ करून बसतात. "लाटा म्हणजे वरवरचा तमाशा. खरा कारभार खाली चालतो."

तो कारभार असा. ध्रुवांकडचं पाणी गारठतं, जड होतं आणि हवेतला कार्बन पोटात घेऊन तळाशी जातं. वरून पडणारे मेलेले जीव तिथे कुजतात, त्यांचा कार्बन त्यात मिसळतो. मग शेकडो वर्षं ते पाणी अंधारात चालत राहतं. कधीतरी, कुठल्यातरी किनाऱ्याशी वर येतं आणि ऊन लागलं की पोटातलं हवेत सोडून देतं. "आपला धूर समुद्र गिळतोय म्हणून लोक खुशाल गाड्या उडवतायत," काका चिडून सांगतात. "अरे, बुडालं म्हणजे संपलं नव्हे!"

हाच नियम ते वाडीलाही लावतात. आमच्या समोरच्या दोन जावा नळावरून कडाकडा भांडल्या आणि आठवड्यात एकत्र हळदीकुंकवाला गेल्या. सगळ्यांना बरं वाटलं. काका म्हणाले, "खाली गेलंय फक्त." दिवाळीत ते वर आलं आणि पोलीस बोलवावे लागले. तेव्हापासून वाडीत कुणी गोड बोलायला लागलं की मला धसका बसतो.

वाडीच्या गणपतीत काकांचं समुद्रावरचं व्याख्यान ठरलेलं. निवृत्तीनंतर त्यांना एवढाच वर्ग उरला होता आणि त्याची तयारी ते श्रावणापासून करायचे. वर्ग तरी कसला? पुढच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या अडवून बसलेल्या बायका आणि प्रसादावर डोळा ठेवून असलेले आम्ही पुरुष. हजार वर्षांच्या गोष्टी सांगायच्या, त्या अशा लोकांना!

यंदा वैशाखात काकी गेल्या. मूलबाळ नाही. वाटलं, आता काका व्याख्यान देणार नाहीत. पण ते स्वतः मला घेऊन आमच्या सेक्रेटरीला, मयेकरला, भेटायला गेले. तो म्हणाला, "सर, यंदा जरा शॉर्टमध्ये हां. दहा मिन्टांत आटपा. नंतर पैठणीचा गेम हाय, स्पॉन्सर येतोय. पब्लिक उठून गेली तर माझी वाट लागेल." काका "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

व्याख्यानाच्या संध्याकाळी ते स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून आले; एक बाही चुरगळलेलीच होती. बोलले मात्र छान. वेळेत संपवलं आणि विचारलं, "काही शंका?"

कुणी हात वर केला नाही. काका पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघत राहिले. तिथे स्पॉन्सरच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मग मला आठवलं. दर वर्षी ती शांतता अवघड व्हायला लागली की त्या खुर्चीतून काकी उठायच्या, पदर सावरायच्या आणि अनोळखी बाईसारख्या विचारायच्या, "पण सर, ते खाली गेलेलं पाणी वर यायला किती वर्षं लागतात?" काकाही तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "बाई, चांगला प्रश्न विचारलात." आम्ही त्या जोडीला फार हसायचो.

"शंका नाय म्हणजे सरांनी एकदम क्लियर समजावलंय!" मयेकरने माईक ओढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुटकेच्या. मला आमच्या सगळ्या वाडीची किळस आली.

काका जिन्याशी पोचले होते. मी धावत गाठलं. "काका, एक शंका होती. ते पाणी वर यायला किती वर्षं लागतात?"

ते थांबले. "हजारेक. कुठे कमी, कुठे जास्त. ते पाणी कुठल्या समुद्रात—" बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला माहीत होतं ना रे हे उत्तर?"

"हो काका."

"तिलाही पाठ होतं. घरी रोज तेच ऐकायची बिचारी." त्यांनी कठडा धरला. "पण मी उत्तर देत असताना ती माझ्याकडे बघायची. तू मंडपाकडे बघतोयस."

मंडपात पैठणीसाठी माझ्या बायकोचं नाव पुकारलं होतं. मी मान वळवली होती, एवढंच.