मायाप्पाची माघार

मायाप्पाने ग्रामपंचायतीचा अर्ज भरला तो निवडून यायला नव्हे, माघार घ्यायला. त्याच्या दोन एकरांतला कांदा काढून पडला होता आणि शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट वेड्या बाभळींनी गिळली होती. उरलेल्या वाटेत गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर येईना आणि कांदा सडायला लागला.

वॉर्डाचे मेंबर तात्याबा तीनदा बिनविरोध निवडून आलेले. गावात जेसीबी एकच, तोही त्यांचाच. मायाप्पाने मागितला की तो हमखास बिघडलेला असे. शेवटी त्याच्या बायकोने, केराबाईने युक्ती सांगितली, "अर्ज भरा. बिनविरोधची लई हौस हाय त्येला. हात जोडत यील बगा."

आणि गडी आला की! माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तात्याबांची पांढरीशुभ्र गाडी वाटेत शिरली आणि निम्म्यावर रुतली. तात्याबा चपला हातात घेऊन, चिखल तुडवत मायाप्पाच्या खोपीपाशी पोचले.

"मायाप्पा, आपण घरची माणसं. काय पायजे ते सांग, पन तीनच्या आत सोलापूरला तहसीलात चल."

"रस्ता पायजे."

"करतो की पुढच्या म्हयन्यात."

"मग मीबी पुढच्या म्हयन्यात माघार घेतो."

तात्याबांनी फोन लावला. बिघडलेला जेसीबी अर्ध्या तासात बरा झाला! बाभळी उपटल्या, मुरूम पडला, रुतलेली गाडीही निघाली. दीड वाजता समोरचा रस्ता बघून मायाप्पाचे डोळेच भरून आले. "शब्द म्हंजे शब्द," म्हणत त्याने धुतलेला सदरा घातला आणि तो गाडीत बसला. कांद्याची चिंता मिटली होती, मेंबरकी हवी होती कुणाला!

पण त्या वाटेवर कांदा काही एकट्या मायाप्पाचा नव्हता. रस्ता झाल्याची बातमी फुटली आणि सात ट्रॅक्टर एकदम आत घुसले. वाट एकेरी, बाजूला चर.

"सिद्धाराम, मागं घे रं!" तात्याबा पुढच्या ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले.

"कुटं घिऊ? मागं बसूचा ट्रॅक्टर हाय, त्येच्या मागं मडिवाळप्पाचा!"

"सोडा रं," मायाप्पा काकुळतीला आला, "मला माघार घ्यायची हाय!"

तहसीलात पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते. साहेबांनी नुसतं घड्याळाकडे बोट केलं.

मायाप्पा प्रचाराला फिरकलाच नाही. कांदा भरण्यातून त्याला सवड कुठली? तरीही तो बासष्ट मतांनी निवडून आला. गुलालाने माखलेल्या मायाप्पाला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि केराबाई पदराने डोळे पुसत हसत राहिली.

तात्याबांनी सिद्धारामला गाठलं. "आरं, जेसीबी माजा, मुरूम माजा, डिझेल माजं! रस्ता मी केला न्हवं?"

"व्हय की," सिद्धाराम म्हणाला, "पन तुमी तीनदा मेंबर झाला, तवा झाला न्हाय. त्येनं नुसता अर्ज भरला आन् झाला. म्हटलं, निवडून दिल्यावर काय काय व्हईल!"