भडक्याचा चष्मा

"शोधाशोध करायची गरजच नाही," लेकीने फोनवर दिग्दर्शकबाईंना ठणकावून सांगितलं. "बाबांच्या सगळ्या आरोळ्या माझ्याकडे आहेत. रसांप्रमाणे लावून ठेवल्यात. दुपारी घेऊन येते."

बाईंनी पलीकडून विचारलं, "रसांप्रमाणे म्हणजे?"

"रौद्र, वीर, करुण. तुम्हाला हवा तो उचलायचा."

लेक कॉलेजात साहित्य शिकवत असे. पसारा दिसला की त्याचे प्रकार पाडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वडील गेल्यावर घरात सगळे रडले. हिने कपाटं आवरली.

तिच्या वडिलांचा आवाज गावभर ओळखीचा होता, चेहरा मात्र शेजाऱ्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हता. भुताखेतांशी लढणाऱ्या योद्ध्यांची एक परदेशी कार्टून मालिका होती आणि आपल्या भाषेत तिच्यातला भडका ते लेकीच्या लहानपणापासून बोलत. भडका म्हणजे डोक्यावर लाल केसांचा जाळ, हातात तापलेली साखळी आणि नाकावर राग. भूत दिसलं की आधी तुटून पडायचं आणि ते कुणाचं होतं ते मग विचारायचं, अशी त्याची रीत. पण कप्तानावर त्याचा जीव. कप्तान 'थांब' म्हणाला की हा उडी मारता मारता हवेतच थांबेल. आणि कप्तानाला कुणी वाकडा शब्द बोललं की त्याची खैर नाही; मग तो जिवंत असो की आधीच मेलेला.

मालिकेच्या चालू पर्वाच्या शेवटच्या भागात सावल्यांचा राजा कप्तानालाच पळवून नेतो आणि भडका काळोखाच्या मुलखात त्याला शोधत एकटा फिरतो. या भागाचे संवाद बाबांनी बोलून ठेवले होते. आरोळ्या राहिल्या होत्या. डबिंगमध्ये आरोळ्या सगळ्यात शेवटी घेतात, कारण एकदा आरोळ्या ठोकल्या की घसा बसतो आणि मग भडक्याच्या तोंडून बेडूक बोलायला लागतो. तेव्हा 'आरोळ्या पुढच्या आठवड्यात घेऊ' असं ठरलं. पुढच्या आठवड्यात स्टुडिओ होता, माइक होता, बाबा नव्हते.

आता कंपनीचं म्हणणं असं की एका भागात भडक्याला एकच आवाज हवा. अर्धा भडका एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा, हे चालायचं नाही. संध्याकाळपर्यंत आरोळ्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर 'बुलंद' नावाने ओळखला जाणारा एक नट सगळाच भाग नव्याने बोलणार होता. म्हणजे बाबांचं शेवटचं काम पुसलं जाणार होतं.

म्हणून लेकीने बाबांचा छोटा रेकॉर्डर शोधला. ते रोज मागच्या खोलीत रजया टांगून सराव करत आणि तो रेकॉर्ड करत; नंतर रेकॉर्डर बऱ्याचदा खिशात तसाच चालू राही. लेकीने सगळं ऐकलं, एकेका आरोळीला रस लावला आणि ती स्टुडिओत हजर झाली. बाहेरच्या बाकावर बुलंद कोमट पाण्याच्या गुळण्या करत बसला होता. त्याने तिला नमस्कार केला, पण तोंडात पाणी असल्यामुळे त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

"वीर रस लावा," लेक म्हणाली.

रेकॉर्डिस्टने पडद्यावर चित्र लावलं. भडका डोंगराएवढी शिळा ढकलत होता. स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, "हंऽऽऽ! हंऽऽऽऽ!" मग धाडकन काहीतरी झालं. शिळा फुटली आणि बाबा म्हणाले, "आला एकदाचा."

बाईंच्या अंगावर काटा आला. "वा, दादा."

"ताई, कोण आला?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"राक्षस."

"मग पुढे मोजे का म्हणतायत?"

त्याने थोडं पुढचं ऐकवलं. बाबा शांतपणे विचारत होते, "अगं, या खणात माझे मोजे कुणी कोंबले?"

लेकीने चष्मा पुसला. "एखादी चूक होते. करुण लावा."

करुण रसात बाबांनी असा काही हंबरडा फोडला होता की बाईंनी रुमाल काढला. "काळीज ओतलंय हो. कप्तानाची तुटलेली तलवार सापडते ना, तिथे हाच." पण रेकॉर्डिस्टच्या मनात मोजे घर करून बसले होते. "एकदा काकूंना विचारू या का?"

फोन लावला. आईने आरोळी ऐकली आणि विचार न करता म्हणाली, "पलंगाचा पाय. डावी करंगळी."

मग भयानक ऐकवला. "नळाला अचानक गरम पाणी आलं तेव्हाचं."

बीभत्स. "खोकल्याचं औषध."

लेकीच्या रसांच्या ताटात एकेक वाटी अशी रिकामी होत चालली. बाहेर बुलंदच्या गुळण्यांचा आवाज चढत होता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनींनाच घेऊन या."

आई आली ती पिशवीत स्वेटरचं विणकाम घेऊन. "वेळ लागेल म्हणालात म्हणून आणलं," ती म्हणाली. रेकॉर्डिस्टने तिला काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि समजावलं, "काकू, मी एकेक आरोळी ऐकवतो. खरी कुठली आणि घरातली कुठली ते सांगा. तुम्ही बोलाल तेही रेकॉर्ड करतो, म्हणजे नंतर माझा गोंधळ नको."

"तुमचा कशाला होईल," आई म्हणाली. "आमचाच काय तो व्हायचा."

आणि काम भराभरा सुरू झालं.

"हा घरातला. मागे कुकरची शिट्टी आहे. हा खरा. हाही खरा, बघा, रजयांमुळे आवाज घुमत नाहीये. हा... हा यांचा नाहीच, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा आहे."

"तो मी अद्भुतात घातला होता," लेक हळूच म्हणाली.

"चांगलं भुंकतो तो," आईने तिची समजूत घातली.

सगळ्या जागा भरल्या. एकच राहिली आणि तीच सगळ्यात मोठी. काळोखाच्या मुलखात भडका आभाळाकडे तोंड करून ओरडतो, 'कुठे गेला!' सगळी मालिका या एका आरोळीसाठी इथवर आली होती. रेकॉर्डिस्टने शेवटची फाइल लावली.

"कुठे गेलाऽऽऽ!"

त्या आवाजात राग होता आणि रागाच्या तळाशी आता रडेल की काय असा एक माणूस होता. बाईंचा हात छातीवर गेला.

काचेपलीकडे आईने विणकामातून मान वर केली नाही. "फ्रिजवर बघा," ती म्हणाली.

मग तिच्या सुया थांबल्या. तिने हेडफोन काढले. "सवय," ती म्हणाली. "खरा आहे. घ्या तो."

ही आरोळी लेकीने लहानपणापासून ऐकली होती. संध्याकाळ झाली की बाबांचा चष्मा हरवायचा, बाबा घर डोक्यावर घ्यायचे आणि आई स्वयंपाकघरातून 'फ्रिजवर बघा' म्हणायची. ती आपल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसायची आणि मनात म्हणायची, एवढ्याशा चष्म्यावरून रोज भांडतात ही माणसं. आता तेच भांडण बाबांची शेवटची आरोळी होऊन बसलं होतं. हे बरं झालं की वाईट, तिला काही केल्या कळेना.

रेकॉर्डिस्टने आरोळ्या जागच्या जागी बसवल्या आणि सगळे शेवटचं बघायला बसले. लेक आणि बाई पुढे, आई मागच्या कोचावर. पडद्यावर काळोख पसरला. भडक्याने आभाळाकडे तोंड केलं.

"कुठे गेलाऽऽऽ!"

"फ्रिजवर बघा."

बाई मागे वळल्या. "वहिनी, जरा शांत बसा ना."

"मी कुठे काय बोलले?"

"आई, प्लीज," लेक म्हणाली.

"अगं, पण माझं तोंड बंद होतं."

"काकू, होतं असं," रेकॉर्डिस्ट समजुतीने म्हणाला. "सवय असते."

आईने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. तिन्ही चेहऱ्यांवर एवढी माया होती की तिलाच शंका आली. "बोलले असेन," ती म्हणाली आणि तिने विणकाम पिशवीत घातलं.

भाग कंपनीकडे गेला. बुलंदने लेकीचा हात हातात घेऊन "थोर माणूस" एवढंच म्हटलं आणि तो आपली पाण्याची बाटली उचलून घरी गेला.

रविवारी सकाळी भाग लागला. मायलेकी टीव्हीसमोर बसल्या. काळोख. भडका. आरोळी. आणि त्या भयाण मुलखात कुठूनतरी एका बाईचा शांत, घरगुती आवाज आला: "फ्रिजवर बघा."

लेकीने गर्रकन मान वळवली. आईचं तोंड बंद होतं. हातही कोचावर होते.

"मी सांगत होते," आई म्हणाली.

पडद्यावर त्याच क्षणी भडक्याने झेप घेतली, तो थेट बर्फाच्या कड्यावर पोचला आणि तिथे त्याला गोठलेला कप्तान सापडला.

लेकीची पाचावर धारण बसली. तिने भीत भीत फोन उघडला. लोक चिडले नव्हते. लोक चक्रावले होते आणि सुखात होते. एकाचं म्हणणं, हा कप्तानाच्या मृत आईचा आत्मा. दुसऱ्याने लिहिलं होतं की बर्फाच्या कड्याला फ्रिज म्हणणं हा डबिंगचा कळस आहे. तिसऱ्याने मूळ परदेशी भाग तीनदा बघितला होता. तिथे हे वाक्यच नव्हतं, म्हणून त्याला मूळ भागच अपुरा वाटायला लागला होता. कुणीतरी एवढंच लिहिलं होतं, 'त्या बाईंवर माझा विश्वास बसला.'

तेवढ्यात बाईंचा फोन आला. लेकीने माफीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण ते बोलायची वेळच आली नाही.

"कंपनीचा फोन होता. पुढच्या पर्वात तो आत्मा हवाय त्यांना. वहिनींना विचारून सांगा."

लेकीने आईला सांगितलं. आई बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि फ्रिजवर नसायचाच गं चष्मा."

"म्हणजे?"

"माझ्या हातात असायचा."

लेकीने फोन कोचावर ठेवला.

"तुझे बाबा म्हणजे मऊ माणूस. राग म्हणून यायचा नाही. पहिल्यांदा हे काम मिळालं तेव्हा भडक्याची आरोळी अशी मारत, जसं दाराआड कुणी आहे का विचारतायत. काढून टाकणार होते त्यांना. मग मी चष्मा उचलायला लागले. फ्रिज, कपाट, न्हाणीघर असं फिरून आले की बरोबर सूर लागायचा. तसेच मागच्या खोलीत जाऊन रेकॉर्डर लावायचे."

"रोज? आणि त्यांना कळलं नाही?"

"सुरुवातीला नाही कळलं." आईने टीव्ही बंद केला. "नंतर कळलं असावं. कारण पुढे पुढे ते संध्याकाळ झाली की चष्मा आपणहून माझ्यापुढे ठेवून जायचे."

आई लेकीकडे बघत राहिली. "तूही त्यांच्यासारखीच. इतके दिवस झाले, एकदा आवाज म्हणून चढवला नाहीस. बरं, बाईंना काय ते कळव."

लेकीने फोनसाठी कोचावर हात फिरवला. आत्ता तर इथे होता. तिने उशी उचलली, वाकून खाली बघितलं. आई विणकामाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली होती.

"आई, माझा फोन कुठे गेला?"

"फ्रिजवर बघ."

सगळं माहीत असूनही लेक उठली आणि फ्रिजपर्यंत गेली. फोन तिथे नव्हता. तिने फ्रिजच्या मागेही बघितलं. आणि मग तिच्या पोटातून असा काही आवाज निघाला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"आऽऽऽई!"

"हां," आई आतून म्हणाली. "आता लागला सूर."