वेशीतला म्हातारा आणि आप्पा

भूमच्या टुरिंग टॉकीजमध्ये चालता सिनेमा बंद पाडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आप्पा. पडद्यावर नायक मोटारसायकलवरून गुंडांच्या मागे लागला होता. वाटेत एका बाईचा टोमॅटोचा गाडा उलटला आणि नायक तसाच पुढं सुसाट निघून गेला. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. आप्पा उठून उभे राहिले ते नेमके प्रोजेक्टरच्या झोतात. त्यामुळं नायकाच्या छातीवर आप्पांची टोपी आणि धोतराचा सोगा उमटला.

"त्या बाईचं काय झालं, ते आधी दाखवा," आप्पा म्हणाले. "भरला गाडा सांडला तिचा. वळून बघितलं का यानं? ही काय रीत झाली?"

मालक आला, डोअरकीपर आला. पुढं नायक त्या बाईला काहीच देत नाही, हे मालकानं प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा आप्पा तंबूतून बाहेर पडले, आणि पुन्हा कधी सिनेमाला गेले नाहीत.

आप्पांचं पूर्ण नाव गुरुलिंगआप्पा. मूळ मुरुमकडचे, घरात कानडी बोलणारे लिंगायत. ऐन तरुणपणी भूमला येऊन त्यांनी किराणा दुकान टाकलं आणि इथलेच झाले. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी कुणाचा तरी अपमान करून गेलंय. गंमत अशी की त्यांना स्वतःसाठी राग येत नसे. दुकानातल्या गुळाला कुणी नावं ठेवली तर ते शांतपणे दुसरी ढेप फोडत. पण एसटीत म्हातारी बसायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली, की आप्पा पुढच्या स्टॉपपर्यंत बोलत राहत.

त्यांच्या या रागाचा मला फायदाच झाला. भूमच्या एका सहकारी सोसायटीत मला कारकुनाची नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत हिंडत होतो. घरमालक आधी चहा विचारत, मग आडनाव विचारत. "वाघमारे" म्हटलं की खोली कालच गेलेली असे. हे मी आप्पांच्या दुकानात साबण घेताना सहज बोललो.

"आडनाव काय घोरतं का?" आप्पा कडाडले. त्याच दिवशी त्यांनी आपल्या घराची मागची खोली मला दिली. त्या घरमालकांना मात्र ते पुढं कितीतरी दिवस तोंड फिरवून साखर मोजून देत होते. माप बरोबर असे. फक्त तोंड फिरवलेलं.

तर असे आप्पा. आणि त्यांच्यासमोर त्या दुष्काळाच्या वर्षी कॉम्प्युटर आला.

साल नक्की आठवत नाही, पण ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ होता. गावात टँकर येत होता, माळावर रोजगार हमीची खडी फुटत होती आणि आमच्या सोसायटीच्या आवारात कडब्याचा डेपो लागला होता. अशात पुण्याच्या एका कंपनीचा मंदार नावाचा तरुण सोसायटीला कॉम्प्युटर विकायला आला. टाय लावलेला, घामाघूम, पण हसतमुख. हिशेब कसे झटक्यात होतात ते तो दाखवू लागला तेव्हा चेअरमनसाहेबांसकट सगळ्यांना पेंग आली. मग त्यानं एक युक्ती केली. सोसायटीच्या रंगीत टीव्हीला यंत्र जोडलं आणि त्यावर एक खेळ लावला.

"हा पूर्ण खेळ नाही, नमुना आहे," तो म्हणाला. "थोडासा खेळून बघा."

जादूच्या राज्यातली गोष्ट होती. राजकन्येला एका राक्षसानं किल्ल्यात कोंडलेलं, आणि आपण एका माणसाचं सोंग घेऊन तिला सोडवायला निघायचं. बटणं दाबली की तो माणूस गावातून, रानातून चालायचा. इंग्रजीत अक्षरं उमटायची आणि त्याचं मराठी करून सांगायचं काम माझ्याकडं आलं.

पहिला मान चेअरमनसाहेबांचा. त्यांनी योद्धा निवडला. योद्धा बराच वेळ एका भिंतीला धडका देत राहिला. "रस्ता कुणी अडवलाय?" साहेबांनी विचारलं. नंतर तो रानात शिरला आणि पहिल्याच लांडग्यानं त्याला खाल्लं. "साहेब, लांडगा लई मोठा होता," कुणीतरी मागून म्हणालं, तेव्हा साहेबांच्या जिवात जीव आला.

मग रफिक टेलर बसला. त्यानं जादूगार घेतला आणि खेळण्याआधी त्याचा झगा निरखून पाहिला. "खांद्यात ढिला हाय बघा," तो म्हणाला. "पर रंग झकास." कडब्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं एकेक करून आत येऊ लागली. दावणीला जनावरं उपाशी होती आणि मालक इथं राक्षस मारत होते. खरं सांगायचं तर बाहेरच्या उन्हाकडं बघण्यापेक्षा ते बरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आले. "काय भानगड चाललीय ते बघतो," म्हणून खुर्ची ओढून बसले.

मंदारनं त्यांना कोण व्हायचं ते विचारलं. योद्धा, जादूगार की चोर.

"चोर?" आप्पा म्हणाले. "चोर हा काय धंदा झाला? आणि दुकानदार कुठंय?"

"दुकानदार होता येत नाही, आप्पा."

"चोर होता येतंय आणि दुकानदार होता येत न्हाय. कुणी केलंय हे?"

शेवटी रफिकनंच जादूगार चालवायला घेतला आणि आप्पा नुसते बघू लागले. जादूगार एका घरात शिरला. घरातली बाई पाठमोरी उभी होती. त्यानं कोपऱ्यातली पेटी उघडली, आतली सोन्याची नाणी घेतली आणि बाहेर आला.

"ठेव," आप्पा म्हणाले.

"काय ठेव?"

"नाणी माघारी ठेव. बाईमाणूस घरात एकलं हाय. पायातलं न काढता आत गेलास, आन पेटी उचकलीस. ही काय रीत झाली?"

"आप्पा, नाणी घेतल्याबिगर तलवार मिळत न्हाय हो," रफिक रडकुंडीला आला.

"मग मागून घे. देती का न्हाय ते बघ."

मागायचं बटण त्या यंत्राला नव्हतं. आप्पांनी मंदारकडं असं पाहिलं, की जणू ते बटण त्यानंच खिशात लपवलंय. पुढं गावाच्या मधोमध विहीर आली. काठोकाठ निळं पाणी. जादूगार तिला वळसा घालून निघून गेला. सगळी खोली एकदम गप्प झाली, कारण त्या दिवशी टँकर आला नव्हता. आप्पांचा आवाजही जरा उतरला.

"एक घागर न्हाय त्या गावात," ते म्हणाले. "एक बाई न्हाय पाण्याला. नुसती शोभेची विहीर."

पण कहर झाला तो किल्ल्यापाशी. लांडगे, वटवाघळं, एक अस्वल असं सगळं मारून रफिक कसाबसा किल्ल्याच्या दारात पोचला. दार उघडणार, एवढ्यात पडदा काळा झाला आणि अक्षरं आली. मी वाचून दाखवलं, "नमुना संपला. पुढील भागासाठी पूर्ण खेळ विकत घ्यावा."

"आन पोरगी?" आप्पांनी विचारलं.

"ती आतच आहे," मंदार म्हणाला. "पूर्ण खेळ घेतला की सोडवता येते."

आप्पा उभे राहिले. "म्हंजे गिऱ्हाईक मिळंपतूर पोरीनं आत बसायचं? अरे, मी गुळाचा नमुना देतो तर खडा देतो. खाणाऱ्याच्या तोंडातनं ओढून घेत न्हाय. लेकरू कोंडून ठिवायचं आन त्याला नमुना म्हणायचं? तुझ्या कंपनीत कुणाला लेकीबाळी हायत का न्हाय?"

मंदारच्या कंपनीत सगळे अविवाहित होते. तसं त्यानं सांगितलंही. त्यानं काही फरक पडला नाही.

मला वाटलं, आप्पा आता या खोलीत पाऊल ठेवणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या फळ्या लावून ते हजर. तिसऱ्या दिवशीही आले. चिडायचेच, पण आता त्यांची चीड एकाच माणसाभोवती फिरू लागली होती.

खेळातल्या गावाच्या वेशीत एक म्हातारा होता. पांढरी दाढी, हातात काठी. बाहेर पडताना त्याच्यासमोर थांबलं की टुक टुक आवाज करत एकेक अक्षर उमटायचं. "ये, वाटसरू. किल्ला उत्तरेला आहे. जपून जा." बस, एवढंच. एकदा किल्ल्याची दिशा कळली की कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नसे.

"ह्यो कोण?" आप्पांनी विचारलं होतं.

"तो फक्त माहितीपुरता आहे," मंदार म्हणाला. "एकदा सांगून झालं की त्याचं काम संपलं. परत त्याच्याकडं जायचं कारण नाही."

यावर आप्पा कडाडतील म्हणून आम्ही सावरून बसलो. ते कडाडले नाहीत. पण तेव्हापासून जो कुणी खेळायला बसेल त्याला ते सोडेनात. रानातून गावाकडं परत आलं की म्हाताऱ्याला भेटलंच पाहिजे.

"जाताना इचारून गेलास, आता येताना तोंड चुकवतोस व्हय?"

"आप्पा, ते तेच तेच बोलतंय की," रफिक कुरकुरला.

"मग तू रोज काय येगळं बोलतोस? कालबी कापड आणा म्हणलास, आजबी कापड आणा."

रफिक निमूटपणे जादूगाराला वेशीत घेऊन गेला. म्हातारा म्हणाला, ये, वाटसरू.

सोसायटीची तेव्हा कडब्यापलीकडं काही घेण्याची ऐपत नव्हती. पण पुण्याच्या माणसाला तसं सांगणं चेअरमनसाहेबांना जड जात होतं. त्यांनी आप्पांचा आधार घेतला. "आमच्या जुन्या सभासदांचा विरोध आहे," ते मंदारला म्हणाले. "पोरगी कोंडण्यावरून." मंदारनं मान डोलावली. बिचाऱ्याला एवढ्या दिवसांत तेही पटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो यंत्र घेऊन परत निघणार, असं ठरलं.

त्या सकाळी मी सोसायटीचं कुलूप काढत होतो, तर आप्पा पायरीवर उभे. आंघोळ झालेली, भस्म ताजं. दुकान अजून उघडलं नव्हतं.

"चालू कर ते," म्हणाले.

मी यंत्र चालू केलं, जादूगार निवडून दिला. कुठलं बटण दाबलं की कुठं जातो ते दाखवलं. आप्पांनी एका बोटानं त्याला दोन पावलं चालवून पाहिलं, आणि मग म्हणाले, "तू जा. चहा सांग."

मी चहा घेऊन परत आलो आणि दारातच थांबलो. आत आप्पा बोलत होते, कानडीत.

मी त्यांच्या भिंतीपलीकडं राहायला गेलो तेव्हापासून रोज संध्याकाळी ही भाषा ऐकत आलो होतो. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, कर्नाटकातल्या आळंदच्या. दोघं कानडीत बोलायचे, कानडीत भांडायचे. मला एक अक्षर कळायचं नाही, पण भिंतीपलीकडं ते चाललेलं असायचं. आदल्या श्रावणात काकू गेल्या. लातूरला दिलेली मुलगी येऊन राहून गेली, पण ती वडिलांशी मराठीतच बोले. भूमच्या पेठेत दुसरं कानडी घर नव्हतं. तेव्हापासून भिंत गप्प होती, आणि मला वाटायचं, माणूस थकलाय, लवकर झोपत असेल.

"ऊट आय्तेन्री?" आप्पा म्हणाले.

एवढं मला समजलं. जेवलात का, असं विचारत होते. मी कामावरून आलो की काकू ओट्यावरून हेच विचारायच्या.

आप्पांनी बटण दाबलं. टुक टुक करत वेशीतल्या म्हाताऱ्याची अक्षरं उमटली. सगळी उमटून होईस्तोवर आप्पा थांबले, मान हलवली, आणि मग सावकाश काहीतरी सांगू लागले. बरंच लांबलचक. रागाचा सूर नव्हता. मध्येच थोडं हसलेही. मग पुन्हा बटण दाबून त्याचं ऐकून घेतलं.

मंदार रिकामी खोकी घेऊन आला. मी त्याला हातानं थांबवलं आणि आप्पांचा चहा त्याच्या हातात दिला. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि खोकी बाकाखाली सरकवली.

बऱ्याच वेळानं आप्पा बाहेर आले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा नेहमीसारखा तापला.

"काय बघता? म्हातारा माणूस हाय. बोलायला लागला तर मधीच उठून येता येतंय का?" मग मंदारला म्हणाले, "मी सांगून आलोय त्याला. आता बंद केलंस तरी चालंल."

आणि दुकान उघडायला निघून गेले.

संध्याकाळी मी घरी आलो. आप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. मी जवळ गेलो आणि काकूंकडून कानावर पडलं होतं तसं विचारलं, "ऊट आय्ता?"

आप्पांनी चमकून वर पाहिलं. मग कपाळावर आठी चढली.

"आय्ता न्हवं. आय्तेन्री. मोठ्या माणसाला री लावायचा असतो. ती तुला लेकरू समजून बोलायची, तू मला काय समजून बोलतोस? ही काय रीत झाली?"

"आय्तेन्री," मी म्हणालो.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांना पटलं.

"इन्ना इल्ला," ते म्हणाले. "म्हंजे अजून न्हाय." आणि आत जाऊन दोन ताटं घेऊन आले.