मोठे पाळक रेडिओवर ‘गेले’ त्याची गोष्ट

इतिहास लिहिणं म्हणजे काय हो? कपाट उघडायचं, दोन शिंका द्यायच्या आणि लिहायला बसायचं! आमच्या लूथरन रेडिओ केंद्राला चाळीस वर्षं झाली, तेव्हा मी पाळकबाईंना हेच सांगितलं. पाळकबाई म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरू आणि केंद्राच्या प्रमुख. मी सकाळचा निवेदक.

“आठ दिवस द्या. चाळीस वर्षं अर्ध्या तासात बसवतो!”

“बसवाल हो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “फक्त खरं लिहा.”

आमचं केंद्र म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या. एकीत यंत्रं, दुसरीत मी. आमच्या पंथाचे मूळपुरुष लूथरसाहेब, त्यांनी पाचशे वर्षांपूर्वी चर्चच्या दारावर निषेधाचा कागद ठोकला, आमच्या लोकांनी भिंतींवर अंड्यांचे ट्रे ठोकले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून! तो येतोच.

हे सगळं उभं केलं मोठ्या पाळकांनी. म्हाताऱ्या, आजारी माणसांना उपासनेला येता येत नाही, तर उपासनाच त्यांच्या घरी जाऊ दे, ही त्यांची कल्पना. पंचवीस वर्षं ते रोज सकाळी बोलले. मग निवृत्त झाले आणि मागच्या गल्लीत राहू लागले. आता वय नव्वदीला टेकलेलं, कान अधूनमधून रजेवर, बाकी प्रकृती ठणठणीत.

कपाटात मला टेपचं एक रीळ सापडलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘मोठे पाळक, शेवटचं’. निवृत्तीच्या दिवशीचा निरोप होता तो. “प्रिय श्रोतेहो, उद्यापासून हा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. डोळ्यांत पाणी आणू नका. माझं काम झालं. मी समाधानानं निघालोय.”

माझ्या अंगावर काटा आला. ठरलं! कार्यक्रमाची सुरुवात यानंच करायची. टेप कधीची, कशाची, ते मागाहून सांगू. आधी श्रोते जरा हलले पाहिजेत!

श्रोते हलले. चांगलेच हलले.

कार्यक्रमाच्या दिवशी पाळकबाई रुग्णालयात आजाऱ्यांच्या भेटीला गेल्या होत्या. दहाच्या ठोक्याला मी टेप वाजवली आणि लगेच एक गीत लावलं. आमची गीतं सहा कडव्यांच्या आत आटपत नाहीत. तिसऱ्या कडव्याला फोन वाजला. कोपऱ्यावरची फुलवाली होती.

“मोठे पाळक गेल्याचं आत्ताच गिऱ्हाइकाकडून कळलं. फार वाईट झालं. पुष्पचक्र घरी पाठवू की चर्चमध्ये?”

कालच तर गल्लीत दिसले होते! पण फुलवालीला अशा बातम्या सगळ्यांच्या आधी कळतात. फोन ठेवतोय तोच बायकोचा आला.

“अहो, मोठे पाळक गेले का हो?”

“हो गं. मलाही आत्ताच कळलं!”

“म्हणजे खरंच!” ती रडायलाच लागली.

आता सांगा, घरातून आणि बाजारातून एकच बातमी आली, तर माणसानं काय समजावं? दोघींकडे ती माझ्याच टेपवरून पोचली असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी माइकपाशी गेलो. जड आवाजात बातमी दिली आणि म्हणालो, “आता आपण दोन मिनिटं शांतता पाळू या.”

रेडिओवरची शांतता माणसाला कळते. तंत्रज्ञाला नाही! आमचा तंत्रज्ञ, ज्याला आम्ही खटका म्हणतो, धडपडत आत आला.

“आवाज गेला!”

मी मान खाली घालून ओठांवर बोट ठेवलं.

“अहो, गप्प काय बसता? केंद्र बंद पडलंय!”

मी दुसरंही बोट ठेवलं. तो तसाच धावला आणि त्यानं मुख्य बटणच खाली ओढलं. आमचं यंत्र जुनं. एकदा थंडावलं की तापायला वीस मिनिटं घेतं. तेवढ्यात बाहेर रांग लागली. कुणाच्या हातात गुच्छ, कुणाच्या हातात रुमाल. मी दारात उभा राहून एकेकाचं सांत्वन स्वीकारू लागलो.

मान खाली घातलेल्या माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ सरकत आले. काखेत रेडिओ, हातात पांढरं फूल. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फार वाईट झालं रे. कोण गेलं?”

तो आवाज! मोठे पाळकच! सगळी रांग गर्रकन वळली. त्यांच्या मागे उभे असलेले शिंपीकाका गुच्छ पाठीमागे लपवत होते. चेहरा पांढराफटक!

“तुम्ही… तुम्ही गेलात!” शिंपीकाका म्हणाले.

“कुठे गेलो? घरीच होतो. रेडिओ मध्येच मुका झाला, म्हणून खटक्याला दाखवायला आणला. एका बाईंनी हे फूल दिलं, म्हटलं रांग आहे तर उभं राहावं.”

मी त्यांना सगळं सांगितलं. कानाशी ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे आणखी वीसजणांनी ऐकलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं होतं मला. जिवंत माणसाला त्याच्याच मरणाची बातमी द्यायची! नोकरी गेली तरी चालेल, पण या माणसाच्या तोंडाकडे कसं बघू?

मोठे पाळक रांगेवरून नजर फिरवत म्हणाले, “माझ्या उपदेशाला एवढे कधी आले नव्हते.”

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींनी त्यांचा हात धरला. “पंचवीस वर्षं तुमचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात होता,” त्या म्हणाल्या. “आज पहिल्यांदा दिसलात.”

मोठ्या पाळकांनी हातातलं फूल आजींना दिलं.

यंत्र तापलं, तोवर पाळकबाईही धापा टाकत पोचल्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि मोठ्या पाळकांना माइकपुढे बसवलं. “श्रोतेहो,” ते म्हणाले, “मी अजून आहे.” मग माझा इतिहासाचा कागद घेतला, चष्मा चढवला. “यातलं पहिलंच वाक्य चूक आहे. पहिल्या दिवशी हजारो श्रोते नव्हते. एकच होता, आपले शिंपीकाका. तेही ऐकत नव्हते, त्यांच्या रेडिओचं बटण अडकलं होतं!”

तासभर बोलले. तेव्हापासून दर मंगळवारी खरा इतिहास तेच सांगतात. मी शेजारी बसून पाणी देतो.

गेल्या मंगळवारी मात्र त्यांना सर्दी झाली. श्रोत्यांना कळवायला मी माइकपाशी गेलो, तर पाळकबाईंनी समोर कागद धरला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्दी झाली आहे. पुढच्या मंगळवारी येतील.’ खाली दोन रेघा मारून, ‘याहून एक शब्दही जास्त नाही!’

मी तेवढंच वाचलं. काना-मात्रेचा फरक नाही. तरी मिनिटभरात बायकोचा फोन आलाच.

“अहो, नुसती सर्दीच ना? खरं सांगा!”