डॉक्टरबाईंच्या बोटीची गाळणी

पाणी गाळण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला जाऊ नये. हे मी गर्वानं म्हणत नाही, पगाराच्या जोरावर म्हणतो. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी नोकरीला आहे. तुम्ही नळ सोडलात आणि बादलीत गाळ आला नाही, तर त्यात थोडा वाटा माझा असतो. आला, तर तो पाइपलाइनवाल्यांचा.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "बोटीचा स्ट्रेनर तडकलाय, नवा आणायला हवा," तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

"सोडते. पण दुकानदार देईल तोच आण. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

लग्नाला बरीच वर्षं झाली की नवऱ्याला अशा वाक्याचा उत्तरार्ध ऐकू येत नाही.

माझी बायको बोट चालवते. साधीसुधी नाही, दांडग्या इंजिनाची, पाण्यावरून उड्या मारत जाणारी. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, ते इंजिन सांभाळतो. इतके दिवस ही दोघं हौशी मंडळींना बोटीत बसवायची, गरगर फिरवायची, भिजवायची आणि परत आणून सोडायची. बायको या कामाला विटली होती. अशात समोरच्या बेटावरच्या दवाखान्याला वेगवान बोट हवी असल्याचं कळलं. डॉक्टरबाईंना तिकडे न्यायचं, अडलेल्या पेशंटला इकडे आणायचं. तिनं अर्ज केला, आणि बंदराच्या परीक्षकांनी बोटीची चाचणी ठरवली. बोट पास झाली तर काम तिचं. नापास झाली तर दुसरा बोटवाला टपूनच बसला होता. त्या काळात ती झोपेतसुद्धा सुकाणू फिरवायची. दोनदा मला कानाला धरून वळवलं.

आता हा स्ट्रेनर काय प्रकार आहे ते सांगतो. अशा इंजिनाला गार ठेवायला बाहेरचंच पाणी लागतं. बोटीच्या तळाला भोक असतं, तिथून पाणी आत येतं, इंजिनाला फिरून तापतं आणि मागून बाहेर पडतं. पाण्याबरोबर शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, पिशव्या असलं काही इंजिनात जाऊ नये म्हणून वाटेत स्ट्रेनर बसवतात. म्हणजे शेवटी गाळणीच. आणि गाळणी म्हटलं की मी आलोच.

दुकानदार जांभया देणारा गृहस्थ होता. मी मोबाइलवर इंजिनाचा फोटो दाखवला. त्यानं फळीवरून तीन स्ट्रेनर काढून समोर मांडले.

"बोट किती पळते?"

"बायको चालवते. भयंकर पळते."

"मग हा प्लास्टिकचा नको. झाकणातून आतलं दिसतं म्हणून लोक घेतात, पण वेगात पाणी असं मुसंडी मारून घुसतं की झाकण टिकत नाही. हा छोटा धातूचाही नको, एवढ्या इंजिनाची तहान त्यानं भागायची नाही. हा न्या."

तिसरा स्ट्रेनर चांगला हंड्यासारखा जाडजूड होता. मी झाकण फिरवून उघडलं आणि आतली जाळीची टोपली बाहेर काढली. तिच्यातून वाटाणा आरामात निसटला असता.

"याला भोकं आहेत," मी म्हणालो.

"गाळणीला असतात."

"पण एवढी मोठी? यातून वाळू जाईल."

"जाऊ दे की. आत येईल तशी बाहेर जाईल. इंजिनाला पाणी भरपूर लागतं, साहेब. त्याला ते प्यायचं नाहीये. जाळी बारीक केलीत तर ती लगेच तुंबेल."

एवढं बोलून त्यानं पुन्हा जांभई दिली. ज्या माणसानं आयुष्यभर शहराच्या पाण्यातला कण न् कण अडवला, त्याच्यासमोर 'जाऊ दे की' म्हणणं हा माझ्या खात्याचा अपमान होता. स्ट्रेनर तोच घेतला, कारण बायकोनं तसं बजावलं होतं. पण टोपलीबद्दल मी कोणालाही वचन दिलेलं नव्हतं.

केंद्रात टाकाऊ जाळीचे तुकडे पडलेले असतात. स्टीलची, इतकी बारीक वीण की तिच्यातून पाणीसुद्धा परवानगी मागून जातं. मी त्यातला एक तुकडा मापात कापला, गुंडाळून टोपलीत आतून बसवला आणि झाकण घट्ट लावून टाकलं. बायकोला सांगितलं नाही. इंजिन इतकं स्वच्छ कसं राहतंय म्हणून काही महिन्यांनी ती चकित होणार आणि मग मी सहज सांगितल्यासारखं सांगणार, असा बेत होता.

मेहुण्यानं स्ट्रेनर बसवला. जेट्टीला बांधलेल्या बोटीत इंजिन चालू करून पाहिलं. तापमानाचा काटा होता तिथेच शांत उभा.

"मस्त काम झालं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. मी नम्रपणे मान खाली घातली.

चाचणीच्या सकाळी परीक्षक आले. उंच, सडपातळ, आणि चेहरा असा की पास काय नि नापास काय, काही पत्ता लागू नये. त्यांनी नियम सांगितला. स्ट्रेचरवर माणूस ठेवून, दीपगृहाला वळसा घालून पूर्ण वेगात परत यायचं. वेग मध्ये कुठेही उतरवायचा नाही.

"स्ट्रेचरवर कोण?" त्यांनी विचारलं.

बायको सुकाणूवर, मेहुणा इंजिनाशी. उरलो मी. शिवाय माझ्या गाळणीचा पराक्रम मला जवळून बघायचाच होता.

स्ट्रेचर बोटीच्या मागच्या भागात, इंजिनावरच्या झाकणाला लागूनच होतं. मेहुण्यानं मला आडवं केलं, छातीवर एक पट्टा आवळला, गुडघ्यांवर दुसरा. हात पट्ट्याच्या आत.

"अधूनमधून कण्हा, भाऊजी," तो कानात म्हणाला. "छाप पडते."

बोट निघाली. माझ्या डोळ्यांसमोर आकाश, पायाशी बायकोची पाठ, आणि तिच्या कोपराखालून नेमका तापमानाचा काटा दिसत होता. मी दोनदा कण्हलो. चांगलं जमलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा.

दीपगृहापाशी पाणी उथळ आहे. तिथे ते मातकट होतं, शेवाळही बरंच. वळसा घालताना मला काटा जरा हललेला दिसला. वाटलं, मीच हलतोय. पुन्हा पाहिलं. काटा वर चालला होता, आणि चांगला हुशारीनं चालला होता.

इतक्या मोठ्या इंजिनाला पाणी पुरवायचं काम माझ्या जाळीवर होतं, आणि माझ्या जाळीनं वाटेतला सगळा चिखल इमानदारीनं अडवला होता. पाण्यासकट.

"गाळणी!" मी ओरडलो. "गाळणी तुंबली!"

इंजिनाच्या आवाजात परीक्षक माझ्यावर वाकले. "काय होतंय तुम्हाला?"

"माझी जाळी आहे आत! पाणी जात नाहीये!"

परीक्षक मेहुण्याकडे वळले. "पेशंट बरळतोय. अशा वेळी तुम्ही काय कराल?"

मेहुण्यानं याची तयारी केलेली होती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका, आजोबा. आलाच आता दवाखाना."

"आजोबा कोणाला म्हणतोस? काटा बघ, काटा!"

"काटा टोचतोय म्हणतात," मेहुण्यानं परीक्षकांना समजावलं. परीक्षकांनी समाधानानं मान हलवली.

बायको मागे न बघता म्हणाली, "त्याला म्हणावं, जरा कमी कण्ह."

वेग उतरवला तर चाचणी गेली. नाही उतरवला तर इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं म्हणजे बोट गेली. तिनं इतक्या आशेनं धरलेलं काम माझ्या एका टाकाऊ तुकड्यामुळे जाणार होतं आणि मी ते बांधलेल्या अवस्थेत बघत होतो. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

शेवटी मी तिला एका नावानं हाक मारली. ते नाव मी फक्त घरात, दार लावलेलं असताना घेतो. इथे सांगणार नाही. चारचौघांत मी ते मेलो तरी उच्चारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिनं झर्रकन मागे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं आणि वेग उतरवला.

"मी आत बारीक जाळी घातलीय," मी म्हणालो.

तिनं बोटानं भावाला माझे पट्टे दाखवले.

मेहुण्यानं पट्टे सोडले. तो पुढे व्हायच्या आधी मीच उठलो, इंजिनावरचं झाकण वर केलं आणि स्ट्रेनरवर झडप घातली. चूक माझी होती, ती मीच निस्तरणार होतो. एक सांगायला हवं. आमच्या केंद्रात पाणी वरून येतं. भांड्याचं झाकण काढलं तर ते जागच्या जागी सभ्यपणे थांबून राहतं. बोटीतला स्ट्रेनर समुद्राच्या पातळीच्या खाली असतो, आणि पाणी आत घेणाऱ्या तळाच्या भोकाचा कॉक बंद केल्याशिवाय त्याचं झाकण काढायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कोणाला वेळच दिला नव्हता.

झाकण फिरलं आणि फवारा उडाला. तो माझ्या कानाजवळून गेला आणि थेट परीक्षकांच्या चेहऱ्यावर जाऊन पोहोचला.

"कॉक!" बायको म्हणाली. एवढा एकच शब्द.

मेहुण्यानं खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तळाचा कॉक बंद केला. बायकोनं इंजिन बंद केलं, पाणी उपसायचा पंप चालू केला, परीक्षकांना उंच जागी बसवून लाइफ जॅकेटचा पट्टा तपासला. मग मला दंडाला धरून स्ट्रेचरवर आडवं केलं आणि पट्टे आवळले. या वेळी जास्त घट्ट. हे सगळं तिनं इतक्या शांतपणे केलं की घाबरायचं काम एकट्या मला करावं लागलं.

मेहुण्यानं टोपली बाहेर काढली. जाळीवर चिखल आणि शेवाळाचा असा जाड थर बसला होता की जाळी दिसतच नव्हती. त्यानं ती ओढून काढली, टोपली परत बसवली, झाकण लावलं, कॉक उघडला. इंजिन निवेपर्यंत सगळे थांबलो. मग ते सुरू झालं, मागून पाणी भळाभळा पडू लागलं आणि काटा हळूहळू उतरून आपल्या जागी आला. माझ्या जिवात जीव आला. पण अर्धाच.

"साहेब," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "चाचणी गेली ना?"

परीक्षक चष्मा पुसत होते. तो रुमालसुद्धा ओलाच होता, त्यामुळे वेळ लागत होता.

"वेगाची गेली," ते म्हणाले. "पण गाळणी तुंबली आणि बोटीत पाणी शिरलं तर काय कराल, हे मी शेवटी विचारणारच होतो. लोक तोंडी सांगतात. तुम्ही करून दाखवलंत." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "इंजिन ठीक असेल तर वेगाची पुन्हा द्या."

आम्ही पुन्हा दीपगृहाला वळसा घातला. त्याच मातकट पाण्यातून, त्याच शेवाळातून, पूर्ण वेगात. मी पापणी न हलवता काटा बघत होतो. कण्हलो नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. वाटाणा निसटेल अशा त्या भोकांतून वाळू आत येत होती आणि बाहेर जात होती, आणि काटा ढिम्म उभा होता. तो काटा मला त्या क्षणी इतका देखणा वाटला की काय सांगू.

जेट्टीला बोट लागली. परीक्षक उतरले, बुटातलं पाणी ओतलं आणि आमच्याकडे वळले.

"बोट मंजूर. चालक मंजूर. मेकॅनिक मंजूर," ते म्हणाले. मग स्ट्रेचरकडे बघून थोडं थांबले. "पेशंट मात्र नामंजूर. डॉक्टरबाईंना बेटावर नेताना हा बोटीत नसावा."

बायको आधी हसली आणि मग डोळे पुसत राहिली. मेहुण्यानं तिला मिठी मारली. मलाही भरून आलं. तिला काम मिळालं होतं, इंजिन शाबूत होतं, कोणी बुडालं नव्हतं. याहून जास्त मला काही नको होतं.

"आता पट्टे सोडा," मी म्हणालो.

त्यावर बहीण-भावानं एकमेकांकडे पाहिलं. मग ती दोघं परीक्षकांना कोरडा टॉवेल द्यायला जेट्टीवरून निघून गेली. मी आपला पडून राहिलो. खरं सांगू का, फार हायसं वाटत होतं. आणि हात बांधलेले असेपर्यंत माझ्याकडून आणखी काही होण्याची भीतीही नव्हती.