कोपऱ्यावरचा खटका

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. पण वानखेडेकाकांबद्दल लिहावंसं वाटतं. आमची भिंत एकच आहे.

काका भाजीवाल्यालाही विचारायचे, "सांग बरं, सायकलचा गिअर तारेचा चांगला का बॅटरीचा?"

बिचारा वांगी तोलता तोलता म्हणायचा, "बॅटरीचा."

झालं! "आंजीच्या रस्त्यावर बॅटरी उतरली त तू येशीन का ढकलाले? तार इमानदार हाय. तुटाच्या आधी कुरकुर करते." वांगी तिथेच राहायची.

एसटीतून निवृत्त झालेले काका रोज सकाळी वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलवर सावंगीहून आंजीला जाऊन येत. एकदा तर पुतणीच्या लग्नात हेल्मेट घालूनच जेवायला बसले. परतताना आमच्या कोपऱ्यावर गिअर बदलत. तिथे ना चढ, ना उतार. तरी खटाक्! मग अंथरुणाला खिळलेल्या काकू उशाशी ठेवलेल्या तांब्यावर चमचा वाजवत. टण्! म्हणजे, ऐकलं, या.

"बुढा तिथंच गिअर काऊन बदलते, मले मालूम हाय," काकू मला सांगायच्या आणि लाजायच्या.

काकू गेल्या. खटका तसाच वाजत राहिला.

पुण्याहून माधुरीचा, त्यांच्या मुलीचा, फोन यायचा. "बाबा, बॅटरीचे गिअर बसवून देते. नुसतं बोट टेकवायचं."

"मले नाई पायजे. डासावानी आवाज त्याचा!"

मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट. मग एका सकाळी अंगण झाडताना पाहिलं. काका कोपऱ्यावर सायकल थांबवून उजव्या तळव्याने गिअरचा डावा खटका ढकलत होते. डाव्या हाताची बोटं वाकतच नव्हती.

"तार जाम झाली," ते म्हणाले. मी पुन्हा झाडायला लागले.

दुपारी ते दाराशी आले. "सुमन, तू कधी सायकल चालवली नाई, म्हणून तुलेच विचारतो. तारेचा ठेवला त आता घरीच बसा लागन. बॅटरीचा घेतला त जाता येईन. पण त्याले खटका नाई वं."

"घ्या काका," मी म्हटलं.

बॅटरीचे गिअर बसले. पहिल्या दिवशी काका आंजीहून परतले तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते. कोपऱ्यावर बारीक झुंऽ झालं. खरंच डासाएवढं. सायकल थांबली. मग काकांनी तोंडानेच, कुणी ऐकू नये असं म्हटलं, "खटाक्."

मी कधी परक्या माणसाला साधी हाकही मारलेली नाही. पण हातात चमचा होता, समोर तांब्या होता. वाजवला. टण्.

बाहेर सायकल भिंतीला टेकली.

मग काकांचा आवाज आला, "आलो वं."