आवाजाला हवा लागते

निवृत्तीराव गायधनी घरात असले की घरातलं एकही यंत्र सुखानं नांदत नसे. मिक्सर लावला की ते बाहेरून ओरडायचे, "बेअरिंग बोलतंय!" फ्रिज जरा घुमला तरी उठून त्याला कान लावून यायचे, जसा काही फ्रिज त्यांच्याशी खासगीत बोलणार होता. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि हॉलमध्ये छातीएवढे दोन स्पीकर. पाहुणा आला की पाण्याच्या आधी मत मिळायचं. कॅसेट ती कॅसेट. सीडी म्हणजे उकडून निथळलेली भाजी. आणि मोबाइलवरची गाणी? "डब्यात कोंडलेली माशी ऐका त्यापेक्षा!"

"डोळे मिटले की माणूस समोर बसलेला दिसला पाहिजे," ते म्हणायचे. "त्याला म्हणतात आवाज."

"माणूस खराच समोर बसलेला असतो तेव्हा ऐकता का पण?" छायाताई स्वयंपाकघरातून विचारायच्या. हा आवाज मात्र निवृत्तीरावांच्या कानाला कधी पकडता आला नाही.

दोन हजार सातचा मे महिना. अधिक ज्येष्ठ लागला आणि देवळ्याहून सासूबाईंचा, चांगुणाबाईंचा फोन आला. "जावईबापू, धोंड्याला या बरं का समदे. आन यांची ती कॅसेट शे ना तुमच्याकडं? आमचा टेप केव्हाच मेला. आपला भिकन म्हणतो सीडी करून आना. भजनी मंडळालाबी बोलावलं मी. नऊ वरीस झाले, यांचा आवाज नाय ऐकला."

काळूआण्णा, म्हणजे छायाताईंचे वडील, भजन गायचे. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या कॅसेटवर. निवृत्तीरावांनीच एक्क्याण्णव साली देवळ्याला जाऊन ती भरली होती, त्यामुळे तिच्यावर त्यांचा जीव होता. छायाताईंचा जीव किती होता ते सांगायला नकोच. त्या ती कॅसेट कपाटात पैठणीच्या घडीत ठेवायच्या.

"मेन रोडला एक जण कॅसेटची सीडी करून देतो," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे टाका. दोन दिवसांत मिळते."

"तो? तो सरळ वायर लावतो!"

"मग काय लावायचं?"

"अगं, आवाजाला हवा लागते! वायरीत हवा असते का? स्पीकरमधून आवाज बाहेर पडला पाहिजे, खोलीत हिंडला पाहिजे, मग माइकनं तो झेलला पाहिजे. मी करतो. घरात."

"काही करा," छायाताई म्हणाल्या, "पण माझ्या आण्णांना काही झालं तर बघा."

रविवारी अकरा ते दोन वीज असते, पुढे लोडशेडिंग. निवृत्तीरावांनी सकाळपासूनच घर डोक्यावर घेतलं. डावा स्पीकर स्टुलाजवळ ओढला, खराट्याच्या दांड्याला लेकीच्या, सृष्टीच्या कॉम्प्युटरचा माइक बांधला, तो उशांच्या फटीत उभा केला. पंखे बंद. बेलची वायर काढली. फोनचा रिसीव्हर बाजूला काढून रुमालात गुंडाळला. बायको आणि लेक यांना कुकरसकट शेजारी पाठवलं.

"पाऊण तास कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही," त्यांनी बजावलं.

"आम्ही शेजारीच असणार आहोत, बाबा," सृष्टी म्हणाली. ती बारावी नुकतीच पार पाडून बसली होती. "घरात तुम्हीच आहात."

ही सूचना होती. त्यांना ती कळली नाही.

पहिली वीस मिनिटं निवृत्तीराव पुतळ्यासारखे बसले. काळूआण्णांचा आवाज हॉलभर पसरला होता. अंगावरून घामाचे ओघळ चालले होते, पण हू की चू नाही. मग मात्र त्यांच्या अंगातला किडा जागा झाला. एक पाय हलायला लागला, मग दुसरा. उकाड्यानं दार उघडंच ठेवलं होतं. तेवढ्यात कचेरीतला गोरक्ष रजेचा अर्ज सही करून घ्यायला दारात उभा राहिला. निवृत्तीरावांनी तोंडावर बोट ठेवलं. गोरक्ष पाय न वाजवता आत येऊन बसला. सही झाली. आता त्यानं जायचं आणि यांनी जाऊ द्यायचं, एवढंच काम होतं.

"धोंड्याला चालले म्हणे साहेब?" गोरक्षनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"जावं लागतंय," निवृत्तीरावही कुजबुजले. कुजबुजताना माणूस जवळ वाकतो. ते वाकले, आणि मधे नेमका खराटा होता.

"मजा आहे मग. अनारसे, कपडे..."

"कसली मजा! अरे, मागच्या धोंड्याचे अनारसे म्हणजे खडी रे खडी. दात हलला माझा. सासूबाईंचा हात म्हणजे काय सांगू, सिमेंटच्या कारखान्यात शोभेल. आणि शर्ट दिला तो माझ्या खांद्यातून गेलाच नाही. मापाला काय शेजारचं पोर घेतलं होतं की काय देव जाणे."

गोरक्ष खुसूखुसू हसला. श्रोता हसला की निवृत्तीराव थांबणाऱ्यातले नव्हते.

"खोटं वाटतं? हा बघ, या स्पीकरचा एक पाय तुटला होता ना, त्याखाली तोच अनारसा ठेवलाय. तीन वर्षं झाली. मुंगीसुद्धा लागली नाही! पण आवाज काय बसला म्हणून सांगू. थरथर बंद. परदेशात यासाठी वेगळे ठोकळे विकतात लोक."

कॅसेट संपली, गोरक्ष गेला, मायलेकी घरी परतल्या. दुपारी सृष्टीनं सीडी करून दिली. वीज जायला अजून पाऊण तास होता. निवृत्तीरावांना लगेच ताडून बघायचं होतं, आधी मूळ आवाज मग नक्कल. त्यांनी कॅसेट पुन्हा डेकमध्ये घातली, बटण दाबलं. डेकनं एक उचकी दिली आणि काळूआण्णा एकदम विहिरीतून गायला लागले. निवृत्तीरावांनी झाकण उघडलं. आतून तपकिरी शेवया बाहेर आल्या. शांत माणसानं पेन्सिल घेऊन एकेक वेढा सोडवला असता. यांनी ओढलं. फीत तीन ठिकाणी तुटली आणि उरलेली चुरगळून गेली.

स्वयंपाकघरात छायाताई वडिलांचंच भजन गुणगुणत होत्या. निवृत्तीरावांनी शेवया पायजम्याच्या खिशात कोंबल्या. 'सीडी आहे,' त्यांनी स्वतःला समजावलं. 'सीडी आहे ना.' कानाला हेडफोन लावून त्यांनी सीडी ऐकायला घेतली. वीस मिनिटं आण्णा सुरेख गात होते. मग आण्णांच्या आवाजावर चढून, स्वच्छ, ठसठशीत, अगदी समोर बसल्यासारखा दुसरा एक आवाज आला. "कसली मजा! अरे, मागच्या धोंड्याचे अनारसे..."

"सृष्टी!" ते किंचाळले. "आवाज काढून टाकायचं सॉफ्टवेअर असतं ना?"

"नॉइज कमी करायचं असतं. कसला नॉइज आहे?"

"आहे एक. सारखा येतो."

घरी इंटरनेट अजून डायलअपच होतं, फोनच्याच लाइनवरचं. ब्रॉडबँडचा डबा जोडला की फोनचा आवाज खरखरतो, हे निवृत्तीरावांचं आणखी एक मत. सोमवारी दुपारी अर्धी रजा टाकून ते कॉम्प्युटरसमोर बसले, इंटरनेट एक्स्प्लोररचा निळा 'ई' उघडला, सॉफ्टवेअर उतरवायला लावलं. टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते. सत्त्याण्णव झाले आणि फोन आला. कॉल वेटिंगची सोय त्यांनीच हौसेनं लावून घेतली होती. लाइन तुटली.

"जावईबापू," चांगुणाबाई म्हणाल्या, "झाली का सीडी?"

"झाली, आई. थोडं पॉलिश चाललंय."

पुन्हा पहिल्यापासून. एक्क्याण्णव टक्क्यांवर चांगुणाबाई. "तुम्हाला मांडे चालतील ना?" पुन्हा पहिल्यापासून. अठ्ठ्याऐंशीवर चांगुणाबाई. "शर्टाचं माप सांगा. मागच्या बारी घट्ट झाला का काय, म्हनलं इचारून घ्यावं." निवृत्तीरावांनी घाईघाईनं माप सांगून फोन ठेवला.

"बाबा, फायरफॉक्समधून करा," सृष्टी म्हणाली. "तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. कधीची सांगतेय."

"ज्याच्यात आमच्या खात्याची साइट उघडत नाही तो ब्राउझर कसला? कोल्ह्याच्या शेपटीला धरून कोणी गंगेत उतरतं का?"

शेवटी ते शेपूट धरायला कबूल झाले, आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळ्याला निघायचं होतं.

देवळ्यावरून जाणाऱ्या सटाणा गाडीत खिडकीशी छायाताई, मांडीवर पिशवी, पिशवीत सीडी. निवृत्तीरावांना एक जागा धड सापडेना. उठत होते, बसत होते. मनात एकच विचार घोळत होता. चुकून बसल्यासारखं त्या पिशवीवर बसावं. कट्ट असा आवाज येईल, की सुटलो. लाज वाचेल. पण मग काळूआण्णा गेले. या वेळी कायमचे. आणि ते आपल्याच बुडाखाली गेले.

"काय होतंय तुम्हाला?" छायाताईंनी विचारलं. मग स्वतःच पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "मला पण कसंतरीच होतंय हो. आण्णांचा आवाज ऐकला की आई रडेल बघा."

निवृत्तीराव पिशवीवर बसले नाहीत. उलट ती स्वतःच्या मांडीवर घेतली आणि देवळ्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. खड्डा आला की ती वर उचलत होते.

देवळ्यात उतरल्यावर कळलं, की दुपारभर वीज नाही. निवृत्तीरावांना लोडशेडिंगवर आयुष्यात पहिल्यांदाच प्रेम वाटलं. "अरेरे," ते म्हणाले, "मग राहू द्या. पुढच्या वेळी ऐकू."

"असं कसं दाजी!" भिकन, त्यांचा मेहुणा, कांद्याच्या चाळीकडून ओरडला. "ट्रॅक्टरला नवा डेक बसवला ना मी! सीडी चालती. चार स्पीकर शे. बॅटरी फुल्ल!"

ट्रॅक्टर अंगणात आला. भजनी मंडळाचे सात म्हातारे सतरंजीवर बसले. ट्रॅक्टर उभा दिसला की माणसं जमतातच. गल्ली जमली. चांगुणाबाई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी बसल्या.

"आई," निवृत्तीराव त्यांच्याजवळ गेले. "एक सांगायचं होतं. त्या सीडीत थोडा..."

"आधी ऐकू द्या जावईबापू. मग सांगा."

भिकननं सीडी घातली. चार स्पीकरांतून काळूआण्णा गायला लागले आणि गल्ली चिडीचूप झाली. एक म्हातारा मांडीवर ठेका धरून डोळे पुसायला लागला. छायाताईंनी आईचा हात धरला. निवृत्तीराव घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं. अठरा. आता खरं बोलायची शेवटची संधी होती, पण या क्षणी तोंड उघडायचं म्हणजे आण्णांना पुन्हा एकदा अडवायचं. ते गप्प राहिले. दोन दिवस उशिरा का होईना, राहिले.

"कसली मजा!" ट्रॅक्टर गरजला. "अनारसे म्हणजे खडी रे खडी!"

गल्लीनं आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग जावयाकडे. खडी झाली, सिमेंटचा कारखाना झाला, शर्ट झाला. पाठीमागे काळूआण्णा आपले तल्लीन. शेवटी तीन वर्षांचा अनारसा स्पीकरखाली गेला, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी फसकन हसलं. भिकननं बटणाकडे हात नेला.

"बंद नको करू!" चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

भजन संपेपर्यंत कोणी हललं नाही. निवृत्तीराव उभ्या उभ्या तिथून पुढे सरकले आणि सासूबाईंपुढे खाली बसले. दोन दिवस या खिशातून त्या खिशात लपवलेल्या तपकिरी शेवया काढून त्यांनी पायरीवर ठेवल्या.

"कॅसेट तुटली, आई. माझ्या हातानं. आता हीच एक सीडी उरलीय, आणि तीही मी नासवली." छायाताईंनी तोंडाला पदर लावला.

चांगुणाबाईंनी डोळे उघडले. ते भरलेले होते, पण त्या हसत होत्या.

"नासवली नाय," त्या म्हणाल्या. "हे भजनाला बसले का मी चुलीपुढं बसून अशीच बडबड करायची. 'तेल नाय, मीठ नाय, आन यांना गानं सुचतंय.' एक दिवस भजन मुकाट ऐकलं नाय मी. कॅसेट भरली त्या दिवशी तुम्ही मला मळ्यात पाठवलं होतं, आठवतं? म्हनून ती कॅसेट कधी मला खरी वाटलीच नाय. आज वाटलं, हे समोर बसलेत आन घरात कोनीतरी कुरकुर करतंय."

डोळे मिटले की माणूस समोर बसलेला दिसला पाहिजे, हे त्यांचंच वाक्य होतं.

"भिकन, या सीडीच्या चार सीड्या करून आन," चांगुणाबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "आन एक अक्षर काढायचं नाय."

जेवणाची पानं मांडली गेली. चांदीच्या वाटीत दिवा, नवा शर्ट, आणि परातीत तेहतीस अनारसे. शर्ट खांद्यातून सहज गेला. निवृत्तीरावांनी घाबरत घाबरत एक अनारसा उचलला. तोंडात घातला तर विरघळला. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. छायाताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पण वाढताना तूप मात्र जरा जास्त पडलं.

तेवढ्यात चांगुणाबाई कागदाची एक पुडी घेऊन आल्या आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. पुडी टणकन वाजली.

"हा चौतिसावा," त्या म्हणाल्या. "आत्ताच तळला, मुद्दाम जुन्या हातानं. तुमचा दुसरा स्पीकर शे ना? त्याच्यासाठी."